वळचण झाकली म्हणजे दुरुस्त झाली नाही

ऑक्टोबरात झाडं लाल-पिवळी व्हायला लागली की आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी ग्रुपांवर एक संदेश फिरू लागतो. यंदा तो मला चार जणांनी पाठवला, त्यातल्या एका काकांनी तर दोनदा. 'घरमालकांनो, कॉन्ट्रॅक्टरला हजारो डॉलर देऊ नका' अशी सुरुवात, आणि पुढे सल्ले. फेशियाचं लाकूड सडलं तरी काढू नका, वरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा गुंडाळा, तीस वर्षं बघायला नको. जुन्या सॉफिटवरच छिद्रांचं व्हायनल, म्हणजे प्लास्टिकच्या पट्ट्या, ठोका. थंडीत सॉफिटची छिद्रं बंद करा, हीटिंगचं बिल कमी येतं. गटरमागून पाणी येत असेल तर सिलिकॉन भरा. भोकं दिसली तर फोम मारा. आणि काही झालंच तर इन्शुरन्स आहे.

नवीन घर घेतलेल्यांसाठी आधी एवढं सांगतो. छप्पर भिंतीच्या बाहेर येतं तिथली समोरची उभी फळी म्हणजे फेशिया. छपराचं पाणी वाहून नेणारं गटर तिच्यावरच टांगलेलं असतं. खाली उभं राहून मान वर केली की दिसतो तो आडवा तळ म्हणजे सॉफिट. दोन्ही मिळून आपली वळचण. कोकणातल्या कौलारू घराची वळचण उघडी असते. वाशांची टोकं दिसतात, वारा खेळतो, पागोळ्या थेट अंगणात पडतात आणि एखादा वासा कुजला तर शाकारणीच्या वेळी तो नजरेला पडतोच. इथल्या लाकडी घरांत तीच वळचण फळ्यांनी बंद केलेली असते. म्हणजे आधीच झाकलेली, आणि हा संदेश ती आणखी झाकायला सांगतो.

पत्र्यापासून सुरू करतो, कारण त्यात माझे स्वतःचे पैसे गेलेत.

आमचं घर १९७४ सालचं. घेतलं तेव्हा फेशियावर पांढरा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा होता, कसा चकचकीत! तपासणीला आलेल्या माणसानंही खालूनच बघून मान डोलावली. चौथ्या वर्षी मागच्या बाजूचं गटर एका कोपऱ्यात झुकलं. मी शिडी लावून नवा स्क्रू मारायला गेलो, तर तो नुसताच फिरत राहिला. स्क्रू धरायला आत लाकूडच नव्हतं. पत्र्याची कड उचकटून पेचकस टोचला, तो ओल्या केकमध्ये जावा तसा आत गेला. सहा फूट फळी बदलायचं काम म्हणून सुरू केलं, ते अठ्ठावीस फुटांचं झालं, आणि दोन वाशांची टोकं जोडून घ्यावी लागली ते वेगळंच.

पत्र्यानं फळी सडवली असं मी म्हणत नाही. पत्रा लावण्याआधीच ती ओली असणार. पण उघड्या फळीवर पाणी मुरलं की रंगाला फोड येतात, पापुद्रे निघतात, घरमालकाला कळतं. पत्र्याचा रंग मात्र तसाच राहतो. शिवाय पत्र्यामागे शिरलेलं पाणी सुकायला वाट नसते. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या आत राहिला तर बुरशी धरत नाही. तो बराच वर चढून तिथेच टिकला तर ती लाकूड खाऊ लागते. पत्र्यामागे तो टिकतोच. त्यात पत्रा उन्हाथंडीनं हलतो. दहा फुटी पट्टी उणे दहा अंशांपासून उन्हातल्या पन्नास अंशांपर्यंत साधारण चार मिलिमीटर वाढते. खिळे घट्ट ठोकले असतील तर पत्र्याला लाटा येतात, भोकं रुंदावतात आणि पाण्याला नवी दारं मिळतात.

वजनाचाही हिशोब करा. पाच इंची गटरात फुटाला सुमारे १.२ गॅलन पाणी मावतं. चाळीस फुटांचं गटर पानांनी तुंबून भरलं की चारशे पौंड, म्हणजे १८० किलोच्या आसपास. दोन-अडीच माणसं त्या फळीला लोंबकळताहेत असं समजा. कुजलेल्या फळीला पत्र्याचा सदरा घातला म्हणून तिच्यात हे पेलायची ताकद येत नाही.

पत्रा वाईट नाही. कोरड्या, धडधाकट फळीवर, वरून ड्रिप एज, म्हणजे पाणी पुढे ढकलणारी धातूची पट्टी, नीट बसवून लावलेला पत्रा रंगाचा त्रास खरंच वाचवतो. एक सावधगिरी मात्र हवी. फळी प्रेशर-ट्रीटेड, म्हणजे कुजू नये म्हणून रसायन मुरवलेली, असेल तर तिच्यातल्या तांब्याच्या क्षारांमुळे उघडं अ‍ॅल्युमिनियम गंजून चाळणी होतं, म्हणून मध्ये अस्तर लागतं. 'ट्रीटेड लाकूड आणि वर पत्रा, म्हणजे डबल सेफ्टी' असं मला एकानं छातीठोक सांगितलं होतं.

दुसरा सल्ला सर्वांत फसवा आहे, कारण तो अमलात आणलेला छान दिसतो. जुनं सॉफिट बहुतेक वेळा प्लायवूडचं असतं, आणि जुन्या घरांत त्याला हवेसाठी एखाद-दोन लहान जाळ्या असतात, कधी त्याही नसतात. त्याच्यावर छिद्रांचं व्हायनल ठोकलं की खालून वाटतं, वा, हजारो भोकं, हवाच हवा. पण भोकांच्या मागे अखंड प्लायवूड! हवा जाणार कुठे? काम नीट करायचं तर जुना तळ काढावा, निदान करवतीनं त्यात लांब फटी तरी पाडाव्यात. मग अ‍ॅटिकमध्ये, म्हणजे छपराखालच्या पोकळीत, जाऊन दुसऱ्या बाजूनं बघावं, कारण तिथं बहुधा उष्णता अडवणारं गुलाबी इन्सुलेशन अगदी कडेपर्यंत कोंबलेलं असतं. वाशांच्या मधे फोमचे किंवा पुठ्ठ्याचे पन्हळ, ज्यांना बॅफल म्हणतात, ते बसवून इन्सुलेशन आणि छपराच्या फळ्या यांच्यात निदान एक इंच वाट मोकळी ठेवावी लागते.

हवा किती लागते याचंही गणित आहे. अमेरिकेतल्या निवासी बांधकामाच्या नियमावलीत अ‍ॅटिकच्या दर १५० चौरस फुटांना १ चौरस फूट उघडी जागा सांगितली आहे. वर आढ्याजवळ आणि खाली वळचणीला ती जवळपास निम्मी-निम्मी वाटलेली असेल, तर ३०० ला १ चालते. म्हणजे १,२०० चौरस फुटांच्या अ‍ॅटिकला ४ चौरस फूट, त्यातली निम्मी, म्हणजे २८८ चौरस इंच, वळचणीला. आता जाळीचं माप घ्या. १६ बाय ८ इंचांची जाळी १२८ चौरस इंचांची दिसते, पण तिच्यातून हवेला मिळणारी वाट साधारण निम्मीच असते. खोक्यावर 'नेट फ्री एरिया' म्हणून आकडा छापलेला असतो, हिशोब त्याच आकड्यानं करायचा.

हा संदेश समुद्र ओलांडून जातो, म्हणून लंडन आणि मेलबर्नच्या मंडळींसाठी दोन शब्द. ब्रिटनमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आली १९९९ साली, ऑस्ट्रेलियात २००३ अखेर. त्याआधीच्या जुन्या घरांच्या सॉफिटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसचे बोर्ड सापडू शकतात. तिथं 'जुन्यावरच ठोका' म्हणजे त्या बोर्डात शेकडो भोकं पाडणं. आधी नमुना तपासून घ्या, तोवर ड्रिल खाली ठेवा.

आमच्याकडे तसाच प्रश्न शिशाचा. इथं घरगुती वापराच्या रंगातल्या शिशावर १९७८ साली बंदी आली, त्याआधीच्या घराचा फेशिया खरवडला की ती पूड खाली पडते. आणि वळचणीखाली आपण काय लावतो? मेथी आणि कोथिंबीर. अशा घरांत पैसे घेऊन काम करणाऱ्याकडे त्यासाठीचं प्रमाणपत्र असणं २०१० पासून बंधनकारक आहे. ते मागायला लाजू नका.

आता थंडीत छिद्रं बंद करण्याबद्दल. वरवर पाहता मुद्दा पटतो, खिडकी उघडी ठेवून हीटर कोण लावतं? पण साध्या अ‍ॅटिकमध्ये इन्सुलेशन असतं ते त्याच्या जमिनीवर, म्हणजे आपल्या बेडरूमच्या छताच्या वर. घराची सीमा तिथे संपली. त्यावरची पोकळी बाहेरच्याइतकीच गार असावी अशीच योजना असते. तिथली हवा अडवून बिल वाचवायचं म्हणजे अंगणाला दार बसवून स्वयंपाकघर गरम ठेवण्यासारखं आहे. वाऱ्याचा झोत थेट इन्सुलेशनमध्ये घुसून त्याचा गुण कमी करतो, एवढं खरं. त्यावर उपाय म्हणजे वर सांगितलेले बॅफलच.

छिद्रं बंद केल्यावर काय होतं ते बघा. घरातली गरम, दमट हवा छतातल्या दिव्यांच्या भोकांतून, अ‍ॅटिकच्या झाकणाच्या फटीतून वर जातच राहते. आपल्या घरांत तर कुकरच्या शिट्ट्या, उकळता भात आणि कढत पाण्याची आंघोळ रोजची. ती वाफ गार फळ्यांना लागून थिजते. जानेवारीत अ‍ॅटिकमध्ये चढून बघा, छपरातून डोकावणाऱ्या खिळ्यांच्या टोकांवर बर्फाचे पांढरे मणी दिसतील. ऊन पडलं की तेच टपकतात, आणि आपण छप्पर गळतंय म्हणून शिंगल, म्हणजे छपरावरचे एकावर एक बसवलेले तुकडे, बदलायला निघतो.

त्याहून वाईट प्रकार म्हणजे बर्फाचा बांध. अघटित घडलं की आपण म्हणतो, वळचणीचं पाणी आढ्याला गेलं. इथं ते खरोखर वर सरकतं. कोंडलेल्या उष्णतेनं छपराच्या मधल्या भागातला बर्फ खालून वितळतो, पाणी उतरत कडेला येतं, कड भिंतीच्या बाहेर असल्यानं थंडगार, तिथं ते पुन्हा गोठतं. एकावर एक थर बसून बांध तयार होतो. मागून येणारं पाणी त्याच्यामागे तुंबतं आणि शिंगलच्या खालून उलट वर चढतं. शिंगल उतरतं पाणी वाहून नेण्यासाठी असतात, चढतं पाणी अडवणं त्यांचं काम नाही. म्हणूनच थंड प्रदेशांत छपराच्या कडेपासून बाहेरच्या भिंतीच्या रेषेच्या आत निदान २४ इंचांपर्यंत शिंगलखाली चिकट पडदा घालण्याचा नियम आहे. पण पडदा हा शेवटचा पहारेकरी. खरं काम म्हणजे छतातल्या फटी बुजवणं, इन्सुलेशन पुरेसं करणं आणि वळचणीतून आढ्यापर्यंत हवा वाहती ठेवणं, याच क्रमानं. बाथरूमच्या पंख्याची नळी सॉफिटमध्ये सोडलेली असेल तर तीही हलवा, कारण बाहेर टाकलेली वाफ शेजारच्या छिद्रातून परत आत ओढली जाते.

एका ठिकाणी संदेश बरोबर ठरतो. छपराच्या उताराला आतून फोम फवारून अ‍ॅटिक घराचाच भाग केलं असेल, तर तिथं सॉफिटची छिद्रं बंदच हवीत. पण असं घर असलेल्या माणसाला ते माहीत असतं, त्यानं त्याचं बिल भरलेलं असतं.

गटरमागच्या सिलिकॉनचा समाचार थोडक्यात. पाणी गटरच्या मागे जातं कारण शिंगलच्या कडेवरून थेंब सुटण्याऐवजी वळून फळीवर उतरतो. त्याला पुढे ढकलणारी धातूची पट्टी म्हणजे ड्रिप एज, आणि तिची खालची कड गटरच्या आत उतरली पाहिजे. ती नसेल तर सिलिकॉन एक-दोन हिवाळे टिकतं, मग एका बाजूनं सुटतं आणि फळीमागे गेलेलं पाणी अडवून धरतं. गटराला उतार आहे का तेही बघा, दर दहा फुटांना पाव इंच पुरतो.

भोकांवर फोम मारण्याआधी भोक कुणाचं ते ओळखा. अर्धा इंच व्यासाचं, ड्रिलनं पाडावं तसं गोल भोक असेल तर ती सुतार-माशी. ती लाकूड खात नाही, आत बोगदा कोरून अंडी घालते, आणि अळ्यांसाठी सुतारपक्षी येऊन जे नुकसान करतो ते तिच्याहून मोठं. तिला रंग दिलेलं लाकूड फारसं आवडत नाही. कुरतडलेलं वेडंवाकडं भोक खारीचं, आणि खार फोम पुन्हा कुरतडते. तिथं आतून जाड तारेची जाळी लागते, तीही आत कुणी अडकलेलं नाही याची खात्री झाल्यावर. वटवाघळं असतील तर उन्हाळ्यात पिल्लं असताना हात लावू नका, त्यासाठी माहितगार माणूस बोलवा.

इन्शुरन्स वादळानं फळी उडाली तर विचार करतं. हळूहळू कुजली तर 'देखभाल तुमची' असं कागदावरच लिहिलेलं असतं.

मग करायचं काय? वर्षातून दोनदा, पानं गळून झाल्यावर आणि बर्फ गेल्यावर, शिडी, पेचकस आणि खाली शिडी धरणारं माणूस. गटरच्या सांध्यांखाली, कोपऱ्यांत आणि छपराची उतरती कड फेशियाला मिळते तिथं टोचून बघायचं. नंतर भर दिवसा अ‍ॅटिकमध्ये जाऊन दिवा मालवायचा. दोन्ही कडांना उजेडाच्या बारीक रेघा दिसल्या तर वळचण श्वास घेतेय. मऊ लाकूड सापडलं तर धड लाकूड लागेपर्यंत कापून काढायचं आणि जोड वाशाच्या टोकावरच द्यायचा. नव्या फळीला सहाही बाजूंनी प्रायमर द्यायचा, कापलेल्या टोकांना दोनदा, कारण लाकूड पाणी पितं ते टोकाकडून. पीव्हीसीची फळी सडत नाही, पण ती भारही पेलत नाही. तिच्यावर गटर टांगायचं तर स्क्रू मागच्या लाकडात खोल गेला पाहिजे. लाकडाची पुट्टी भरून रंग मारणं खिडकीच्या चौकटीला ठीक, गटरचा भार असलेल्या फळीला नाही.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं तेव्हा काका रागावले. 'आमच्याकडे आठ वर्षं पत्रा आहे, काहीही झालेलं नाही,' असं म्हणाले. मी म्हटलं, काका, एकदा टोचून बघा. रविवारी दुपारी त्यांचा फोन आला.

"अरे, पेचकस मुठीपर्यंत गेला. आता पत्रा काढू का?"

"आधी गटर उतरवा, काका. आणि एकटे चढू नका, मी येतो."

"ये. येताना तुझी लांब शिडी आण, माझी पुरत नाही."