दारी झुले छोटा हत्ती

आमचे एक निवृत्त विभागप्रमुख वारले. शोकसभेत त्यांच्या मुलाने जाहीर केलं, "बाबांचा सगळा ग्रंथसंग्रह कॉलेजला." प्राचार्यांचा कंठ दाटून आला आणि त्यांनी तिथल्या तिथे होकार दिला. ग्रंथपालाला विचारायची पद्धत नसते. सरांची सोसायटी पुनर्विकासाला चाललीय आणि महिनाअखेर फ्लॅट रिकामा करायचाय, हे मला मागाहून कळलं.

सोमवारी दारात छोटा हत्ती. मग दुसरा. मग पहिलाच परत. तांदळाच्या गोण्या, टीव्हीचं खोकं, सुतळीने करकचून आवळलेले गठ्ठे. सगळी मिळून 3,000 तरी पुस्तकं. शिपाई मामांनी पहिली गोणी सोडली, तीनदा शिंकले आणि म्हणाले, "मॅडम, ह्यात जित्तं पण हाय कायतरी." कसर होती. ती आत नेली तर ग्रंथालयातल्या पुस्तकांनाही लागणार, म्हणून सगळा ऐवज जिन्याखाली ठेवला. ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे, असं आमच्या ग्रंथालयशास्त्राचे आद्यगुरू रंगनाथन 1931 सालीच सांगून गेले. इमारतही वाढते, असं मात्र ते कुठे म्हणाले नाहीत.

धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात. माझी नोकरीच दात मोजायची. कारण दाखल नोंदवहीत एकदा आकडा पडला की पुस्तक अमर होतं. मग ते काढायचं तर समिती, ठराव, निर्लेखन (म्हणजे नोंदीतून रीतसर कमी करणं), सह्या. तेव्हा आधीच निवडलेलं बरं. निघालं काय? 11 वर्षांची आयकर मार्गदर्शकं. बीएचे 'अपेक्षित प्रश्नसंच'. केतकरांच्या ज्ञानकोशाचे 23पैकी 22 खंड. नसलेला कुठला, तर वाचक हमखास मागतो तोच. डोळे मिटून रद्दीत घालावं म्हणावं, तर तळाशी साठच्या दशकातले दिवाळी अंक, मुखपृष्ठांसकट! एका समीक्षाग्रंथाच्या समासात सरांच्या पेन्सिलीने 'चूक', पुढे 'साफ चूक', आणि 40 पानांनंतर बारीक अक्षरात 'नाही, माझंच चुकलं'. त्यातच खूण म्हणून दुधाचा हिशेब. हे पुस्तक मी दोन दिवस टेबलावरच ठेवलं.

मुलाचा फोन दर गुरुवारी. "मॅडम, स्वतंत्र कपाट हवं, वर बाबांचं नाव. आणि संग्रह फोडायचा नाही हं." म्हणजे मराठी साहित्य 891.46 या आपल्या वर्गांकाच्या फळीवर न जाता आयकराच्या मांडीला मांडी लावून बसणार. मी "बघते" म्हणते. हा शब्द मी प्राचार्यांकडून शिकले.

चौथ्या आठवड्यात मामा एक जाड ग्रंथ घेऊन आले. "मॅडम, ह्याच्यावर आपलाच शिक्का." खरंच आपला. आतल्या तारीखपत्रकावर शेवटची तारीख 1986ची. रोजचे 10 पैसे धरले तरी दंड 1,300च्या वर. जुनी नोंदवही काढली. पुस्तक 1997च्या पडताळणीत 'गहाळ' ठरून रीतसर निर्लेखित झालेलं. शोधसमितीचे अध्यक्ष म्हणून खाली सरांचीच सही, ठसठशीत.

निर्लेखित पुस्तक जुन्या आकड्यावर परत घेता येत नाही. तेव्हा नवा दाखल अंक, आणि 'कोठून मिळाले'च्या रकान्यात 'देणगी'. आभारपत्रही गेलं: 'आपल्या वडिलांच्या दुर्मीळ ग्रंथामुळे आमच्या संग्रहातील एक जुनी उणीव भरून निघाली.'

मुलाने ते फ्रेम करून घेतलंय. कपाटावर लावायला.