झाडापानांपासून ‘छापलेली’ घरं: पोस्ट काय म्हणते आणि भिंतीत काय असतं

“सिमेंटचा जमाना संपला. आता वनस्पतींच्या शाईने थ्रीडी प्रिंटर घरं छापतो. शंभर टक्के नैसर्गिक, काँक्रीटइतकी भक्कम, कार्बन साठवणारी आणि पाडल्यावर मातीत कुजून जाणारी!” ही पोस्ट सगळीकडे फिरते आहे. संशोधन खरंच चालू आहे, पण पोस्टमधलं जवळपास प्रत्येक विशेषण तपासून घ्यावं असं आहे.

‘शंभर टक्के नैसर्गिक’: भुसा, तूस, पेंढा ही भर झाली. ती धरून कोण ठेवतं, हे पोस्ट सांगत नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. इटलीच्या वास्प कंपनीने २०१८ मध्ये छापलेल्या ‘गाया’ घराच्या भिंतींत माती २५ टक्के, भाताचा पेंढा ४०, तूस २५ आणि हायड्रॉलिक (पाण्याने घट्ट होणारा) चुना १० टक्के होता. चुना भट्टीत भाजावा लागतो आणि भाजताना चुनखडीतून कार्बन डायऑक्साइड सुटतो, सिमेंट करताना सुटतो तसाच. प्रमाण थोडं आहे, पण शून्य नाही.

‘मातीत कुजून जाणारी’: अमेरिकेतल्या मेन विद्यापीठाने २०२२ मध्ये दाखवलेलं ६०० चौरस फुटांचं ‘बायोहोम थ्रीडी’ हे घर लाकडाचे तंतू आणि जैव-रेझिन (वनस्पतींसारख्या जैविक कच्च्या मालापासून केलेला चिकट पदार्थ) यांचं आहे, जमीन, भिंती, छप्पर, सगळं छापलेलं. अशा मिश्रणांत पीएलए हे प्लास्टिक बरंच वापरलं जातं. ते मका किंवा उसाच्या साखरेपासून होतं खरं, पण नीट कुजायला साठेक अंशांचं औद्योगिक कंपोस्ट लागतं. साध्या मातीत ते वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं. शिवाय त्याच तापमानाच्या आसपास ते मऊ पडायला लागतं, त्यामुळे रणरणत्या उन्हातल्या गडद छपराला ते नुसतं वापरणं धोक्याचं. आणि मुळात, सहज कुजणारी भिंत पावसात कोणाला हवी आहे? मेनचे संशोधक स्वतः पुनर्वापराबद्दल बोलतात, कुजण्याचं कौतुक पोस्टवाल्यांचं.

‘कार्बन साठवणारी’: कोरड्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मा कार्बन असतो, तेव्हा घर उभं असेपर्यंत तो अडकून राहतो, हे बरोबर. पण घर कुजलं की तो पुन्हा हवेत. एकाच पोस्टने कुजण्याची आणि साठवण्याची, दोन्ही फुशारक्या माराव्यात हे जरा अतीच झालं.

‘काँक्रीटइतकी भक्कम’: नाही. तागासारख्या हेम्पच्या काड्या आणि चुना यांच्या मिश्रणाची दाब सोसण्याची ताकद बहुधा १ मेगापास्कलच्या (दाब मोजायचं एकक) आसपास किंवा त्याहून कमी असते. इमारतीच्या साध्या काँक्रीटची २० किंवा जास्त. प्रिंटर मिश्रणाचे थरावर थर चढवत भिंत छापतो, त्यामुळे दोन थरांमधला जोड हा आणखी एक कच्चा दुवा. उष्णता अडवायला मात्र हे सच्छिद्र मिश्रण उत्तम.

राहिला ‘सिमेंटचा जमाना’. माणसामुळे होणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सुमारे ८ टक्के आहे आणि आजची बहुतेक छापील घरं सिमेंटच्याच मिश्रणाची आहेत. प्रिंटरच्या नोझलमधून, म्हणजे मिश्रण सोडणाऱ्या तोंडातून, मोठी खडी जात नाही, म्हणून त्यात घनमीटरमागे सिमेंट अनेकदा नेहमीपेक्षा जास्तच लागतं. वनस्पतींचा खरा उपयोग इथे आहे. तुसाच्या राखेतली सिलिका सिमेंटच्या काही भागाची जागा घेते. नॅनोसेल्युलोजमुळे (वनस्पतींपासून काढलेल्या अतिसूक्ष्म तंतूंमुळे) मिश्रण दाबाखाली वाहतं आणि बाहेर पडल्यावर आकार धरतं. कच्चे तंतू तसेच घातले, तर त्यांतली साखर विरघळून सिमेंटचं घट्ट होणं लांबवते. म्हणून ते आधी धुवून किंवा अल्कलीत भिजवून घेतात.