आमच्या गल्लीत पाणी सहाव्या दिवशी येते

महापालिका निवडणुकीचे वारे वाहू लागले, धुळ्याच्या देवपूर भागातल्या आमच्या गल्लीत रिक्षांवरचे भोंगे पुन्हा फिरू लागले आणि मला गेल्या विधानसभेच्या वेळचा एक संवाद आठवला. नोव्हेंबर 2024 मधली गोष्ट. प्रचारपत्रके घेऊन दारात आलेल्या चार-पाच तरुणांना मी विचारले, की आमच्या नळाला पाणी सहाव्या दिवशी येते, त्याचे तुमचे उमेदवार काय करणार आहेत? त्यांच्यातला एक मुलगा माझाच विद्यार्थी निघाला. वाकून नमस्कार करून तो म्हणाला, "बाई, पाणी येईलच, पण आधी आपण राहिलो पाहिजे ना?" मी त्याला नववीत नागरिकशास्त्र शिकवले होते. त्याच्या आवाजात उद्धटपणा नव्हता, उलट माझ्याविषयीची खरी काळजी होती, आणि म्हणूनच त्याचे ते वाक्य माझ्या मनातून अजून गेलेले नाही.

मी उदारमतवादी मतदार आहे, हे समाजमाध्यमावरच्या माझ्या या भिंतीवर नियमित येणाऱ्यांना सांगायला नको. समोरचा पक्ष, म्हणजे भाजप, परंपरावादी आहे याबद्दल माझी तक्रार नाही. कुटुंब टिकावे, सणवार टिकावेत, समाजाची घडी सरकारी हुकुमाने एका रात्रीत विस्कटू नये, असे मानणाऱ्या माणसांत मी वाढले आहे आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य नसते असे मला कधीच वाटलेले नाही. माझा वैताग निराळा आहे. निवडणूक आली की हे नेते आपला परंपरावाद मांडतच नाहीत. जे पटवून द्यायचे ते बाजूला ठेवतात आणि कोणाला घाबरायचे तेवढे सांगून जातात.

धुळ्याला हे फार जवळून पाहायला मिळाले. 2024 च्या लोकसभेला आमच्या मतदारसंघात काँग्रेसच्या शोभा बच्छाव 3,831 मतांनी निवडून आल्या आणि त्या दिवसापासून आमचा मतदारसंघ राज्यभरच्या भाषणांत उदाहरण म्हणून फिरू लागला. सहापैकी पाच विधानसभा क्षेत्रांत भाजपचा उमेदवार पुढे होता, एकट्या मुस्लिमबहुल मालेगाव मध्यने त्याला पाडले, हा 'व्होट जिहाद' आहे, असे देवेंद्र फडणवीस सभांमधून सांगत राहिले. एखाद्या गावाने, एखाद्या जातीने किंवा एखाद्या साखर कारखान्याच्या सभासदांनी एकाच बाजूला मते टाकली, तर त्याला आपल्याकडे आजवर 'एकगठ्ठा मतदान' म्हणत आले आहेत, आणि असे गठ्ठे बांधण्यात हयात घालवलेल्या पुढाऱ्यांना आपण मुरब्बी म्हणतो. मालेगावच्या यंत्रमाग कामगाराने तेच केले की त्याला युद्धाचे नाव का मिळते, याचे उत्तर मला कोणी दिलेले नाही.

शिवाय या गणितातून कांदा सोयीस्करपणे गाळला गेला. केंद्राने डिसेंबर 2023 मध्ये कांद्याची निर्यात बंद केली आणि ती उघडली 4 मे 2024 रोजी, म्हणजे आमच्याकडचे मतदान अवघ्या सोळा दिवसांवर आले तेव्हा, आणि तीही 40 टक्के शुल्क लावून. आमच्या मतदारसंघात बागलाण आणि मालेगाव बाह्य ही क्षेत्रे येतात. कसमादे, म्हणजे कळवण-सटाणा-मालेगाव-देवळा पट्ट्यात ज्याची चाळ कांद्याने भरलेली होती, त्या शेतकऱ्याने त्या वर्षी काय सोसले हे तिथल्या कोणत्याही लिलावात उभे राहिले असते तरी कळले असते. कांद्याने, सोयाबीनने आणि कापसाने आपल्याला रडवले, ही कबुली तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी लोकसभेच्या निकालानंतर स्वतःच दिली होती. हे प्रामाणिक निदान होते. पण पाच महिन्यांनी प्रचाराची वेळ आली तेव्हा ते मागे पडले, कारण कांद्याचे उत्तर धोरणात शोधावे लागते आणि जिहादचे उत्तर घोषणेत मिळते.

6 नोव्हेंबरला वाशीमला योगी आदित्यनाथांनी 'बटेंगे तो कटेंगे' ऐकवले आणि 8 तारखेला पंतप्रधानांनी प्रचाराची सुरुवात आमच्याच धुळ्यातून 'एक हैं तो सेफ हैं' या घोषणेने केली. वाशीमच्या घोषणेविषयी अजित पवार आणि पंकजा मुंडे यांनी जाहीर नापसंती दाखवली, हे नोंदवले पाहिजे. दोघेही युतीतलेच, त्यामुळे त्यांचे बोलणे मला अधिक मोलाचे वाटले. पण दुरुस्ती तेवढ्यावरच थांबली.

आणि मग 23 नोव्हेंबरचा निकाल आला. ज्या मालेगाव मध्यने सहा महिन्यांपूर्वी म्हणे फतवा काढून एकजात मतदान केले होते, तिथे दोन मुस्लिम उमेदवारांत मतांची जवळजवळ बरोबर वाटणी झाली आणि एमआयएमचे मुफ्ती इस्माईल फक्त 162 मतांनी निवडून आले. घरोघरी फिरून चादरी विकणारे आमचे मालेगावचे चाचा डिसेंबरात दारात आले, तेव्हा गठ्ठा सोडता सोडता हसून म्हणाले, "मॅडम, आमच्यात एवढी एकी असती तर यंत्रमागाच्या विजेचा दर नसता का कमी करून घेतला?" मालेगावच्या या निकालावर कोणत्याही व्यासपीठावरून खुलासा आला नाही. युतीला 288 पैकी 230 च्या आसपास जागा मिळाल्या होत्या. खुलाशाची गरज कोणाला होती?

परंपरावादी माणूस वाद घालतो तेव्हा कसा असतो, हे महाराष्ट्राला माहीत नाही असे नाही. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याला टिळकांनी कडाडून विरोध केला. मुलींचे संमतिवय दहावरून बारा करणारा तो कायदा होता आणि त्या प्रश्नावर मी आजही पूर्णपणे आगरकरांच्या बाजूची आहे. पण परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये, हा टिळकांचा मुद्दा होता आणि तो त्यांनी उघडपणे मांडला. इतकेच नव्हे, तर समाजाने आपण होऊन मुलींची लग्ने सोळाच्या आत करू नयेत, असा प्रस्तावही त्यांनी पुढे केला होता. आमच्या धुळ्यातच वि. का. राजवाडे राहिले आणि इथेच वारले. चातुर्वर्ण्याचा अभिमान बाळगणारा हा माणूस विवाहसंस्थेचा इतिहास खणू लागला आणि पुराव्यांतून जे निघाले ते सनातन्यांना अजिबात रुचणारे नव्हते, तरी त्यांनी ते छापले. त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळासमोरून आज प्रचाराच्या रिक्षा जातात, तेव्हा भोंग्यातला मजकूर ऐकून मला कसनुसे होते.

पैशाच्या बाबतीतही तेच. जुलै 2022 मध्ये पंतप्रधानांनी 'रेवडी संस्कृती' देशाला घातक असल्याचा इशारा दिला होता. सरकारने हात आखडता घ्यावा, ही जगभरच्या परंपरावाद्यांची जुनी आणि विचार करण्याजोगी भूमिका आहे. मग दोन वर्षांत लाडक्या बहिणीचे 1,500 रुपये आले, निवडणुकीत त्यांचे 2,100 करण्याचे वचन आले, आणि मधल्या काळात तत्त्व कुठे गेले हे कोणी सांगितले नाही. माझ्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी त्या पैशांतून मुलीच्या क्लासची फी भरली, त्यामुळे योजनेला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. पण त्याच प्रचारात कोल्हापूरच्या एका सभेत भाजपच्या एका खासदारांनी, पैसे आमचे घेऊन काँग्रेसच्या सभेत दिसणाऱ्या बायांचे फोटो काढा, असे सांगितले. पुढे त्यांनी दिलगिरी व्यक्त केली. दिलगिरी ठीक आहे. तथापि ओवाळणी घालून बहिणीवर पाळत ठेवण्याची परंपरा कोणत्या घरातली, हा प्रश्न उरतोच.

आमच्या बाजूनेही काही दिवे लावले नाहीत. आघाडीने 1,500 वर 3,000 ची बोली लावली, आणि त्यांची तिकिटे कोणाच्या मुलांना व सुनांना मिळाली ते सर्वांनी पाहिले आहे. मी त्यांनाच मत दिले आणि नाक मुठीत धरून दिले.

या सगळ्यात मला सारखे आमचे आप्पा, म्हणजे माझे थोरले दीर, आठवत होते. आप्पा कट्टर परंपरावादी आहेत. 1998 मध्ये सासरे गेले, तेव्हा सासूबाईंच्या बांगड्या फोडायच्या की नाही यावरून ते माझ्याशी तासभर भांडले. त्यांनी शास्त्र सांगितले, घराण्याची रीत सांगितली, लोक काय म्हणतील तेही सांगितले. मी माझे म्हणणे मांडले. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "राहू द्या रे हातात." आप्पा गप्प झाले आणि त्यानंतर आजतागायत त्यांनी तो विषय काढून मला टोमणा मारलेला नाही. अशा विरोधकाशी मी जन्मभर भांडायला तयार आहे.

तेच आप्पा गेल्या रविवारी जेवायला आले होते. मी त्यांना माझ्या त्या विद्यार्थ्याचे वाक्य ऐकवले आणि विचारले, "आप्पा, तुमचा पक्ष. 2018 ला महापालिकेत 74 पैकी 50 जागा तुमच्या होत्या. 2023 संपताना मुदत संपली, त्यानंतर प्रशासक आला, तोही तुमच्याच सरकारचा. आता या वेळी तरी पाण्याचे विचारायचे ना?" ते बराच वेळ भात कालवत राहिले. मग म्हणाले, "तू विचारू नकोस. तू विचारलंस की ते तुला त्या बाजूची म्हणतील आणि विषय संपेल. मी विचारतो."

त्याच संध्याकाळी त्यांनी वॉर्डातल्या कार्यकर्त्यांच्या व्हॉट्सॲप गटावर, स्वतःचे नाव घालून, तीन ओळींचा प्रश्न टाकला. त्याखाली आतापर्यंत अकरा नमस्कार, चार भगवे झेंडे आणि एक 'जय श्रीराम आप्पा' आले आहे. काल रात्री त्यांनी तोच प्रश्न पुन्हा टाकला.