१७ डॉलरची गिटार

अमेरिकन गायिका लोरेटा लिनचा विषय निघाला की लोक लगेच त्या गिटारवर येतात. नवऱ्याने १७ डॉलरची गिटार आणून दिली आणि बायको कंट्री संगीतातली (तिकडच्या गावाकडच्या गाण्यांतली) राणी झाली! गोष्ट खोटी नाही, पण अर्धीच आहे, आणि नेमकी सोयीची अर्धी.

अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या डोंगरातलं बुचर हॉलर. १९३२चा जन्म, आठ भावंडांत दुसरी, वडील कोळशाच्या खाणीत. आईने घराच्या भिंतींना मासिकांची पानं चिकटवलेली. त्यातल्या लोरेटा यंग या नटीच्या फोटोवरून लेकीचं नाव ठेवलं. शनिवारी रात्री सगळं घर रेडिओभोवती, नॅशव्हिल शहरातला 'ग्रँड ओल ऑप्री' हा कंट्री गाण्यांचा कार्यक्रम ऐकायला.

१९४८मध्ये लग्न, वय वर्षं १५. (ती स्वतः तेरा सांगायची, जन्माच्या दाखल्यावरून पंधरा निघालं ते २०१२मध्ये. पंधरा ऐकून मला हायसं वाटलं, मग त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली.) नवरा डू तिला देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, वॉशिंग्टन राज्यात घेऊन गेला. विशीपर्यंत पदरात चार मुलं.

मग ती गिटार. शिकवायला कोणी नाही. चार पोरांचं करून हिनेच तिच्यावर हात बसवला, गाणीही स्वतःच लिहिली. १९६०मध्ये पहिली रेकॉर्ड निघाली. कंपनी चिमुकली, जाहिरातीला पैसे कुठले! दोघांनी रेकॉर्डी गाडीत भरल्या आणि एकेका रेडिओ स्टेशनचं दार ठोठावत निघाले. झोपायचं गाडीत, खायचं सँडविच. गाणं बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय कंट्री गाण्यांच्या यादीत १४व्या नंबरला गेलं आणि त्याच वर्षी ती ऑप्रीच्या स्टेजवर उभी होती.

डूचं श्रेय मी नाकारत नाही. पण तो प्यायचा, बाहेरख्याली होता, हेही तिनेच सांगितलंय. तिचं पहिलं नंबर एकचं गाणं (१९६७) पिऊन उशिरा घरी येऊन लाडात येणाऱ्या नवऱ्याला खडसावणारं आहे. गिटार कोणी दिली ते सगळे सांगतात. गाण्याला विषय कोणी पुरवला, तेही सांगा की! १९७५मध्ये ती गर्भनिरोधक गोळीवर गायली, तेव्हा कित्येक स्टेशनांनी ते वाजवायलाच नकार दिला. संसार मात्र १९९६मध्ये डू वारेपर्यंत टिकला.

परवा भाकऱ्या थापताना ते दारुड्या नवऱ्याचं गाणं लावलं होतं. आमच्याकडून प्रश्न आला, "काय म्हणतेय गं ती?" सांगितलं. "बरं," म्हणाला आणि आवाज कमी केला.