त्या पोरानं पुस्तक परत ठेवलं

आज संध्याकाळी पुस्तक प्रदर्शनात जे बघितलं ते डोक्यातून जात नाही. आठवी-नववीतला पोरगा, अंगावर शाळेचा गणवेश, मुठीत घडी घातलेली शंभराची नोट. दुसऱ्या हातात बाबूराव अर्नाळकरांची रहस्यकथा. मागून एक गृहस्थ आले. "हे कसलं वाचतोस रे? काहीतरी चांगलं घे की." पोरानं पुस्तक थप्पीत ठेवलं, नोट खिशात घातली आणि सरळ बाहेर भडंगाच्या गाडीकडे गेला.

चांगलं म्हणजे काय हो? झुंजार आणि काळापहाड या अर्नाळकरांच्या नायकांच्या मागे धावत किती घरांत माणसं वाचायला लागली! कुठल्याही जुन्या वाचनालयातलं कपाट उघडा. शिलाई उसवलेली, कोपरे मऊ झालेले, तारखांच्या चिठ्ठीवर दुसरी चिठ्ठी डकवलेली पुस्तकं रहस्यकथांची असतात. थोरांची चरित्रं शेजारी कोरी करकरीत. मान्य, अर्नाळकरांच्या बऱ्याच कथांत घाई दिसते. हजारावर कथा लिहिल्यावर दिसणारच.

त्या पोराला खरं तर हे सांगायला हवं होतं: बाळा, जुनी रहस्यकथा घेताना आधी मागून उघड. पुस्तक सोळा-सोळा पानांचे फॉर्म शिवून बांधलेलं असतं. मागचं कव्हर ओढलं गेलं की पहिल्यांदा शेवटचा फॉर्म सुटतो. बाकी कादंबरीत 16 पानं गेली तर निभावून नेता येतं, इथे सगळं पुस्तकच गेलं. म्हणून पानांचे आकडे बघ, मजकूर वाचू नकोस. आणि आतली पानं दुसऱ्या कुणाला तरी चाळायला सांग, कारण एखाद्या नावाखाली पेन्सिलीनं "हाच खुनी" लिहून ठेवणारे महाभाग गावोगाव असतात.

अर्नाळकर झाले की फेलूदा हा बंगाली गुप्तहेर घे. सत्यजित राय यांनी 1965 साली 'संदेश' या मुलांच्या मासिकात त्याला आणलं. अशोक जैन यांचा मराठी अनुवाद मिळतो. मग सुहास शिरवळकरांचे दारा बुलंद, फिरोज इराणी. त्यानंतर अगाथा ख्रिस्तीची 1926 सालची रॉजर अ‍ॅक्रॉइडच्या खुनाची कादंबरी, आणि ती दोनदा. पहिल्यांदा एका बैठकीत. दुसऱ्यांदा वही-पेन्सिल घेऊन: कोण, कुठे, किती वाजता, आणि हे आपल्याला सांगितलं कुणी? हा चौथा रकाना भरल्याशिवाय पुढे जायचं नाही. बाईनं काहीही लपवलेलं नाही, सगळं पानावर आहे, तरी पहिल्या वेळी दिसत नाही. पहिल्या महायुद्धात ती इस्पितळाच्या औषधालयात काम करायची, विषं तिथेच शिकली. तिच्या 1920 च्या पहिल्याच कादंबरीची दखल औषधशास्त्राच्या नियतकालिकानं घेतली होती. मग जपानच्या केगो हिगाशिनोची 2005 ची सस्पेक्ट एक्सची कादंबरी. त्यात खून कुणी केला ते सुरुवातीलाच कळतं, तरी पुस्तक खाली ठेवता येत नाही.

एवढं वाचलेला पोरगा उद्या स्वतः लिहायला बसेल. आणि त्यानं लिहायलाच हवं, कारण आपल्या बेळगावच्या सीमाभागावर लिहिणारे जे करतात ते बघून संताप येतो. खून खानापूरच्या जंगलात आणि तपासाला एपीआय, म्हणजे सहायक पोलीस निरीक्षक! अहो, एपीआय हे पद महाराष्ट्र पोलिसांत आहे. इकडे कर्नाटकात पीएसआय म्हणजे उपनिरीक्षक, त्याच्यावर थेट पीआय म्हणजे निरीक्षक. बेळगाव शहराला पोलीस आयुक्त आहेत, खानापूर मात्र जिल्ह्याच्या एसपींकडे. पुण्याच्या कथेतलं ठाणं उचलून इथे ठेवलं की ते पहिल्याच पानावर कळतं.

प्रेत सापडलं की डॉक्टर "रात्री 11 वाजून 20 मिनिटं" सांगत नाहीत, अंदाजे इतक्या ते इतक्या तासांत असं सांगतात. उन्हाळ्यात ताठरपणा लवकर येतो आणि लवकर उतरतो, थंडीत रेंगाळतो. व्हिसेराचा, म्हणजे प्रेतातल्या अवयवांच्या तपासणीचा अहवाल संध्याकाळच्या चहापर्यंत येत नाही, आठवडे जातात, कधी महिने. ती वाट बघण्याची मुदत लेखकानं काढून टाकली की गावातला संशय वाढायला जागाच उरत नाही, आणि कादंबरी मध्यावर बसते.

आणि सीमाभागातलं खरं रहस्य तर कुणी हातातच घेत नाही. पंचनामा कन्नडमध्ये लिहिलेला. खाली पंच म्हणून सही करणारा मराठी म्हातारा. त्यानं काय वाचलं, काय समजून सही केली? तीच सही दोन वर्षांनी कोर्टात त्याच्यासमोर धरली तर? त्या एका सहीवर आख्खी कादंबरी उभी राहते. फिर्यादी घाबरून हद्दीपलीकडे महाराष्ट्रातल्या चंदगडच्या ठाण्यात गेला तर झिरो एफआयआर होईल: हद्द आपली नसली तरी गुन्हा नोंदवायचा आणि मग हद्दीच्या ठाण्याकडे पाठवायचा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या कलम 173 मध्ये तशी सोय आहे. एकच गुन्हा, दोन राज्यं, दोन भाषांतले कागद. असं कथानक पुण्या-मुंबईच्या लेखकाला कुठून मिळणार? ते त्या शंभराच्या नोटवाल्या पोराच्या दारात पडलंय.

त्या गृहस्थांवर आता राग उरला नाही. त्यांनाही लहानपणी कुणीतरी असंच थप्पीत पुस्तक परत ठेवायला लावलं असेल.

प्रदर्शन रविवारपर्यंत आहे. पोरगा कुणाच्या ओळखीतला असेल तर एवढा निरोप द्या. आत शिरल्यावर डावीकडच्या टेबलावर, खालून तिसरं पुस्तक. शेवटचा फॉर्म शाबूत आहे, बघितलाय. पेन्सिलीची खूण कुठेही नाही.