जाझ यात्रा धोबीतलावचीच होती

मुंबईच्या जाझ यात्रेचा, म्हणजे जाझ संगीताच्या त्या फेस्टिव्हलचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, ते साउथ बॉम्बेच्या श्रीमंतांचं फॅड होतं हो, आपला काय संबंध. मला हे अजिबात पटत नाही आणि आज जरा सविस्तर लिहितोच.

पहिली जाझ यात्रा १९७८ ची. जागा रंगभवन, म्हणजे धोबीतलावला झेवियर्स कॉलेजच्या शेजारचं ओपन एअर थिएटर. सनी रोलिन्ससारखा सॅक्सोफोनवाला तिथे येऊन वाजवून गेलाय! ह्यामागचा माणूस निरंजन झवेरी. ह्या गृहस्थांनी १९५२ मध्येच ब्लू रिदम नावाचं जाझचं मासिक काढलं होतं, म्हणजे फेस्टिव्हलच्या आधी पाव शतक हा माणूस त्याच ध्यासात होता.

आणि झवेरींच्याही आधीची गोष्ट वेगळीच आहे. १९३५ च्या सुमारास ताज हॉटेलात लिऑन अ‍ॅबी ह्या अमेरिकन वादकाचा बँड आला, मग अमेरिकेचाच पियानोवाला टेडी वेदरफोर्ड, आणि त्यांचं ऐकून, त्यांच्यासोबत वाजवून तयार झाले ते आपले गोवेकर. ही मंडळी काही बंगल्यात राहणारी नव्हती, धोबीतलावच्या आसपास गावागावाच्या कूड, म्हणजे गाववाल्यांनी मिळून राहायच्या जागा होत्या, तिथे एका खोलीत दाटीवाटीने ट्रंका लावून राहायची आणि संध्याकाळी सूट चढवून हॉटेलात वाजवायला जायची. पुढे दारूबंदी आली, हॉटेलांतली कामं आटली आणि बरेचजण फिल्मच्या रेकॉर्डिंगला लागले. नोटेशन झरझर वाचता यायचं ना त्यांना! त्यांच्यातलेच ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट संगीतकार सी. रामचंद्रांकडे होते. अण्णांच्या गाण्यांतला तो ट्रम्पेटचा झणका ऐकत आपले आईवडील मोठे झाले, मग जाझ परकं कसं?

म्हणून मी म्हणतो की यात्रा रंगभवनला भरली हे फार योग्य झालं, ज्या वस्तीत हे संगीत रुजलं तिथेच जगभरचे लोक येऊन वाजवायला लागले. त्यातून आपलं असंही काही निघालं. लुई बँक्स पियानोवर, ब्राझ गोन्साल्विस सॅक्सवर आणि सोबत कर्नाटक संगीतातल्या रामामणी. त्या सरगम घ्यायच्या आणि तीच तान सॅक्स उचलायचा, वर आपली एक जागा टाकून परत द्यायचा. आपल्याकडच्या सवाल-जवाबाचाच प्रकार, बैठकीत बसलेल्या कुणालाही कळेल असा.

मग २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, हॉस्पिटल, शाळा-कॉलेज, कोर्टाभोवती १०० मीटर सायलेन्स झोन. रंगभवनच्या एका अंगाला कॉलेज आणि जवळच कामा हॉस्पिटल, त्यामुळे काही वर्षांतच तिथलं संगीत बंद पडलं. नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही, पेशंटला शांतता हवीच. पण राग येतो तो नंतरच्या थंडपणाचा. जागा गेली तर बदल्यात तशीच परवडणारी, लोकल ट्रेनने येऊन शो संपल्यावर परत घरी जाता येईल अशी दुसरी जागा ह्या शहराने का नाही उभी केली? नरिमन पॉइंटच्या एनसीपीए ह्या कलाकेंद्रात आजही जाझचे चांगले कार्यक्रम होतात, मान्य, पण मोकळ्या आभाळाखाली सगळ्या तऱ्हेचे लोक एकत्र बसणं वेगळं.

माझं स्पष्ट मत आहे, रंगभवनच्या जागेवर आवाज बाहेर जाणार नाही असं बंदिस्त थिएटर बांधा, तिकीट कमी ठेवा आणि पहिला कार्यक्रम गोवेकर वादकांच्या नावाने करा.