'एआयनं सिद्ध केलं' म्हणे, खुर्ची मिळाली की कोणीही राक्षस होतो!

आठ दिवस झाले, आमच्या घरच्या ग्रुपवर एक मजकूर फिरतो आहे. ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल ते सुखी, त्यांच्यासाठी थोडक्यात. एआयमध्ये खोटा तुरुंग उभारला, हजार आभासी माणसांतल्या निम्म्यांना पहारेकरी केलं, तासाभरात सगळे क्रूर झाले. म्हणजे अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातला १९७१ चा प्रयोग, ज्यात पोरांना खोट्या तुरुंगात पहारेकरी आणि कैदी केलं होतं, तो खरा ठरला. सत्ता हाती आली की कोणीही असाच वागणार, त्यात कोणाचा दोष नाही. आणि आता खऱ्या माणसांवर प्रयोगांची गरज उरली नाही.

मी सोडून दिलं असतं. पण होस्टेलवर सीनियर असलेल्या माझ्या भाच्यानं ज्युनिअर पोरांना रात्री दोन वाजता गच्चीवर उभं केलं, आणि तक्रार आल्यावर मला म्हणतो, "मामा, पोझिशनच तशी असते. एआयनं सिद्ध केलंय." काहून रे बाप्पा, एआय आला होता का गच्चीवर?

म्हणून 'दोष कोणाचाच नाही' हेच आधी. फिलिप झिंबार्डो या मानसशास्त्रज्ञाचा स्टॅनफर्डचा तो प्रयोग दोन आठवड्यांचा होता, सहा दिवसांत गुंडाळला. पहारेकरी आपोआप बिघडले, अशी त्याची ख्याती. तिबो ल तेक्सिये या फ्रेंच संशोधकानं त्याची जुनी कागदपत्रं उपसली, प्रयोगातल्या पंधरा जणांशी बोलला आणि २०१९ मध्ये 'अमेरिकन सायकॉलॉजिस्ट'मध्ये सगळं मांडलं. कैद्यांना कसं वागवायचं याच्या नेमक्या सूचना पहारेकऱ्यांना दिल्या होत्या. आपल्यावरही प्रयोग चालू आहे हे त्यांना सांगितलंच नव्हतं. एक पहारेकरी नरम वागतो म्हणून 'जरा कडक हो' असं त्याला पटवतानाचं ध्वनिमुद्रणसुद्धा आहे! एवढं करूनही, झिंबार्डोच्याच हिशेबानं, खरे क्रूर निघाले साधारण एक तृतीयांश. मग 'कोणीही' कुठून आलं?

आता एआय. चॅटजीपीटीसारख्या या भाषा मॉडेलांनी तो प्रयोग, त्यावरचे लेख, सिनेमे सगळं आधीच वाचलेलं आहे. 'तुरुंग, पहारेकरी, कैदी' एवढं लिहिलं की पाठ केलेली गोष्ट ओकतात. पेपर फुटलेल्या पोराला पैकीच्या पैकी पडले तर आपण त्याला हुशार म्हणतो का? घरी करून पाहिलं. भाच्यालाच लिहायला लावलं, फक्त एक ओळ वाढवली: 'पहारेकऱ्यांना कैद्यांची काळजी आहे.' दहा मिनिटांत आभासी पहारेकरी कैद्यांना तर्री-पोहे वाढत होते. नागपूरच्या वर्धा रोडवरच्या खऱ्या कारागृहातल्या शिपायाला नियमपुस्तक असतं, वरचा साहेब असतो, उद्या पुन्हा त्याच कैद्यासमोर उभं राहायचं असतं. या बाहुल्यांना त्यातलं काय आहे?

'खऱ्या माणसांवर प्रयोगांची गरज नाही' यातलं अर्धं खरं आहे, ते नाइलाजानं मान्य करतो. २०२३ मध्ये संशोधकांनी स्टॅन्ली मिलग्रमचा आज्ञापालनाचा प्रयोग (साहेबानं हुकूम दिला की माणूस दुसऱ्याला विजेचे झटके देतो का, ते पाहणारा; झटके अर्थात खोटे) भाषा मॉडेलांवर उतरवला, आणि निकाल बराच जुळला. मॉडेलनं जुनं पाठ केलेलं असेल म्हणून त्यांनी मुद्दाम नवा प्रसंगही रचला होता. पण त्याच निबंधात हेही आहे की सर्वसामान्य माहितीचे प्रश्न विचारले तेव्हा नव्या मॉडेलांमधली 'माणसं' अमानवी अचूकतेनं उत्तरं देत सुटली. प्रश्नावली तपासायला, प्रयोगाचा आराखडा घासूनपुसून घ्यायला हे चालेल. निकाल म्हणून नाही.

आणि मिलग्रमचं तरी पूर्ण सांगा ना. ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टपर्यंत गेले, हे सगळ्यांना पाठ. हुकूम फोनवरून दिला तेव्हा साधारण पाचातला एकच गेला, ते कोणी फॉरवर्ड करत नाही.

हजार, निम्मे, तासाभरात हे आकडे कुठले, ते मजकुरात नाही. पाठवणाऱ्या काकांना विचारलं, त्यांनी अंगठा पाठवला.

भाच्याला रविवारी त्या पोरांकडे माफी मागायला पाठवलं. परत आला तो गप्पच. रात्री जेवताना म्हणाला, "मामा, एक पोरगा सांगत होता, त्या रात्री माझ्याच खोलीतला दुसरा सीनियर त्यांना हळूच खाली घेऊन गेला होता."